दाखल रजिस्टरात न मावणारं पुस्तक : सार्वजनिक ग्रंथालयं आणि ई-पुस्तकांचे परवाने

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. परवाने, करार, मुदती अशा गोष्टी त्यात आहेत. पण वाचनालयाचं कार्ड ज्याच्या खिशात आहे, त्या प्रत्येकाशी या गोष्टींचा संबंध येतो, म्हणून आम्ही तो मुद्दाम निवडला. सार्वजनिक ग्रंथालयाला ई-पुस्तक मिळतं का, कोणत्या अटींवर मिळतं आणि त्या अटी रास्त आहेत का, एवढे तीन प्रश्न आपण घेणार आहोत. बरीचशी उदाहरणं अमेरिकेतली आणि युरोपातली असतील. हा झगडा तिथे पंधरा वर्षांहून अधिक काळ उघडपणे चालू आहे, त्यातले निर्णय आणि न्यायालयीन निकाल सगळ्यांसमोर आहेत. आपल्याकडे आपण शेवटी येऊ.

सुरुवात छापील पुस्तकापासून करू. ग्रंथपाल पुस्तक विकत आणतात, दाखल रजिस्टरात त्याला क्रमांक पडतो, आत शिक्का बसतो, आणि तिथून पुढे ते पुस्तक ग्रंथालयाचं. ते किती जणांना द्यायचं, किती वर्षं ठेवायचं, शिवण सुटली तर बांधून घ्यायचं की बाद करायचं, शेजारच्या गावातल्या वाचनालयाला भेट द्यायचं का, हे सगळं ग्रंथालय ठरवतं. प्रकाशकाला विचारायला जावं लागत नाही. हे इतकं अंगवळणी पडलंय, की यामागे कायद्याचा आधार आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

हा आधार कसा मिळाला त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत बॉब्ज-मेरिल नावाच्या प्रकाशन संस्थेनं ‘द कास्टअवे’ या कादंबरीत एक सूचना छापली. या पुस्तकाची किरकोळ किंमत १ डॉलर आहे, त्याखाली कुणी विकलं तर तो आमच्या हक्काचा भंग समजू, अशा अर्थाची. मेसीज या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानाच्या मालकांनी ते पुस्तक ८९ सेंटला विकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०८ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की प्रत एकदा विकली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. पुस्तकाच्या आत सूचना छापून तो ताबा निर्माण करता येत नाही. लेखकाचा हक्क मजकुरावर राहतो, त्या एका प्रतीवर नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हीच कल्पना आहे. कलम १४ प्रमाणे साहित्यकृतीच्या प्रती लोकांपर्यंत आणण्याचा हक्क लेखकाचा आहे, पण आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळलेल्या आहेत. रद्दीवाल्याकडची, पदपथावरची, वाचनालयातली सगळी देवघेव या वगळण्यावर उभी आहे.

आता ई-पुस्तक घ्या. दुकानाच्या पानावर बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं असतं. खाली कुणी न वाचणाऱ्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आम्ही तुम्हाला वाचनाचा परवाना देत आहोत. म्हणजे विक्री झालीच नाही, आणि विक्री झाली नाही म्हटल्यावर १९०८ चा तो निकाल तिथे लागूच होत नाही. शिवाय ई-पुस्तक एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना त्याची नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढणं हा तर लेखक-प्रकाशकाचाच हक्क. युरोपीय न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट या डच संकेतस्थळाच्या प्रकरणात सांगितलं, की वापरलेली ई-पुस्तकं पुन्हा विकता येणार नाहीत. तेव्हा १९०८ मध्ये पुस्तकात छापलेली जी सूचना न्यायालयानं रद्दबातल ठरवली, ती शंभर वर्षांनी करारनाम्याच्या रूपानं परत आली असं आम्हाला वाटतं. आणि या वेळी ती टिकली.

याचा परिणाम ग्रंथालयावर काय झाला ते क्रमानं पाहा. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सनं जाहीर केलं की ग्रंथालयाला दिलेलं ई-पुस्तक २६ वेळा वाचकाला देता येईल, त्यानंतर परवाना संपेल, पाहिजे तर पुन्हा घ्यावा. पुस्तक दोन आठवड्यांसाठी द्यायचं म्हटलं तर २६ वेळा म्हणजे बावन्न आठवडे. मागणी असलेलं पुस्तक वर्षभरात संपतं. पेंग्विननं २०१२ मध्ये काही काळ आपली पुस्तकं मुख्य वितरकाकडून काढूनच घेतली. रँडम हाउसनं त्याच वर्षी ग्रंथालयांसाठीच्या किमती कितीतरी पटींनी वाढवल्या, पण निदान परवाना कायमचा ठेवला. पुढे या दोन संस्था एक झाल्या आणि ऑक्टोबर २०१८ पासून त्यांचाही परवाना दोन वर्षांवर आला. हॅशेटनं जुलै २०१९ पासून तेच केलं.

इथे थोडा हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुणाच्या दरपत्रकातले नाहीत. समजा ३०० रुपयांचं छापील पुस्तक आहे, मध्ये एकदा ६० रुपये खर्चून बांधणी केली, आणि बाद होईपर्यंत ते नव्वद वाचकांकडे गेलं. दर वाचकामागे ४ रुपये पडले. आता त्याच पुस्तकाचा ग्रंथालय-परवाना तिप्पट किमतीला, म्हणजे ९०० रुपयांना आणि २६ वेळांसाठी घेतला, तर दर वाचकामागे जवळजवळ ३५ रुपये. आणि शेवटी कपाटात काहीच नाही. तिप्पट हा आकडा फुगवलेला नाही बरं का. अमेरिकेत सामान्य ग्राहकाला १५ डॉलरच्या आसपास मिळणारं नवं ई-पुस्तक ग्रंथालयाला ५०-६० डॉलरला, तेही दोन वर्षांसाठी, मिळतं हे नित्याचं आहे.

दुसरी एक पद्धत आहे, हूप्लासारख्या सेवांची. तिथे परवाना आधी घ्यायचा नाही, वाचकानं पुस्तक घेतलं की ग्रंथालयानं त्या वेळचे पैसे मोजायचे. वाचकाला रांग नाही, ही सोय मोठी. पण वाचन वाढलं की बिल वाढतं. मग ग्रंथालय महिन्याला इतकीच पुस्तकं घ्या अशी मर्यादा घालतं. ज्या संस्थेनं लोकांना ‘आणखी वाचा’ म्हणायचं, तिला ‘जरा कमी वाचा’ म्हणायची पाळी येते.

या सगळ्यात सर्वात गाजलं ते मॅकमिलनचं प्रकरण. नोव्हेंबर २०१९ पासून त्यांनी नियम केला की नवं पुस्तक आल्यावर पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-यंत्रणेला एकच ई-प्रत मिळेल. शहर केवढंही असो, शाखा वीस असोत, प्रत एक. वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीसारख्या मोठ्या ग्रंथालय-यंत्रणेनं मॅकमिलनची नवी ई-पुस्तकं घेणंच थांबवलं, बाकीही अनेक ठिकाणी बहिष्कार झाला. मार्च २०२० मध्ये, साथीमुळे टाळेबंदी सुरू होत असताना, कंपनीनं नियम मागे घेतला. ग्रंथालयांनी एकजूट केली तर प्रकाशकाला ऐकावं लागतं, हे त्यातून दिसलं.

पण प्रकाशकांची बाजू न ऐकताच निकाल दिला तर ही टीका अर्धवट राहील. मॅकमिलनचे तेव्हाचे प्रमुख जॉन सार्जंट यांनी म्हटलं होतं, की त्यांची अमेरिकेत वाचली जाणारी ई-पुस्तकं घेतली, तर त्यांतलं ४५ टक्के वाचन ग्रंथालयातून फुकट होतं. त्यांचा युक्तिवाद असा : छापील पुस्तक आणायला वाचनालयात जावं लागतं, रांगेत थांबावं लागतं, पान फाटलेलं निघतं. एवढा त्रास नको म्हणून काही लोक पुस्तक विकत घेतात. ई-पुस्तकात हा त्रासच उरत नाही. घरबसल्या फुकट मिळत असेल तर विकत कोण घेईल? आणि विकलं गेलं नाही तर लेखकाला काय द्यायचं?

हा प्रश्न खोटा नाही. लेखकाच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि ग्रंथालयवाल्यांनी तो झटकून टाकू नये. पण त्यावरचं उत्तर म्हणून जे केलं गेलं, त्यात आम्हाला एक उघड असमतोल दिसतो. कागदाच्या पुस्तकाच्या सगळ्या अडचणी ई-पुस्तकात मुद्दाम भरल्या गेल्या. एका वेळी एकच वाचक, म्हणून रांग. इतक्या वेळा दिलं की ‘झिजलं’, म्हणून २६ ची मर्यादा. पण कागदाच्या पुस्तकाबरोबर ग्रंथालयाला जे हक्क मिळायचे, ते मात्र दिले नाहीत. कायम ठेवण्याचा हक्क नाही, दुसऱ्या ग्रंथालयाला उसनं देण्याचा नाही, जुनं झाल्यावर विकण्याचा नाही, सगळ्यांना मिळते त्या किमतीला घेण्याचाही नाही. कागदासारखं वागवायचं तर दोन्ही बाजूंनी वागवा ना! झिजणाऱ्या पुस्तकाची निदान बांधणी तरी करून घेता येत होती.

प्रकाशकाइतकाच महत्त्वाचा दुसरा घटक म्हणजे विक्रेता आणि मधला वितरक. ॲमेझॉनची स्वतःची प्रकाशनं आहेत. त्यांची ई-पुस्तकं कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या ग्रंथालयांना कोणत्याही किमतीला मिळत नव्हती. २०२१ मध्ये डिजिटल पब्लिक लायब्ररी ऑफ अमेरिका या संस्थेशी करार झाला, मुदतीचे आणि उसनवारीच्या संख्येचे वेगवेगळे पर्याय मान्य झाले, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. वितरणात ओव्हरड्राइव्ह ही कंपनी सर्वात मोठी. लिबी हे ॲप तिचंच. २०१५ मध्ये ती जपानच्या राकुतेननं घेतली, २०२० मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीकडे गेली. म्हणजे हजारो गावांच्या ग्रंथालयांची ई-पुस्तकं ज्या खिडकीतून दिली जातात, त्या खिडकीचा मालक बदलतो आणि ग्रंथालयाला त्यात काही म्हणता येत नाही. २०११ पासून अमेरिकेत किंडलवर वाचनालयाचं पुस्तक घेता येतं, पण त्यासाठी वाचकाला ॲमेझॉनच्या पानावर जाऊन आपल्या खात्यातून ते घ्यावं लागतं. कोण काय वाचतंय हे ग्रंथपालांनी कुणाला सांगू नये असा संकेत आपण पाळतो. इथे ती नोंद परस्पर दुकानदाराच्या वहीत जाते.

मग कायद्यानं काही करता येईल का? तीन ठिकाणी प्रयत्न झाले.

पहिला मेरीलँड राज्यात. २०२१ मध्ये तिथल्या विधिमंडळानं एकमतानं कायदा केला, की जे ई-पुस्तक सामान्य ग्राहकाला मिळतं, ते ग्रंथालयांनाही रास्त अटींवर देऊ करावं. प्रकाशकांची संघटना न्यायालयात गेली आणि जून २०२२ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरला. कारण असं, की कॉपीराइट हा केंद्राचा विषय आहे, ग्रंथालयांची गरज आणि लेखकांचे हक्क यांचा समतोल काँग्रेसनं साधायचा, राज्यानं नाही.

दुसरा युरोपात. नोव्हेंबर २०१६ मध्ये डच ग्रंथालय संघटनेच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयानं मान्य केलं, की एक प्रत एका वेळी एकाच वाचकाला, अशा पद्धतीनं ई-पुस्तक देणं हे छापील पुस्तक देण्यासारखंच आहे, आणि लेखकाला मोबदला देऊन ते करता येईल. निकाल चांगला, पण ग्रंथालयाला पुस्तक विकायचंच नाही असं प्रकाशकानं ठरवलं तर काय, याचं उत्तर त्यात नाही.

तिसरा इंटरनेट आर्काइव्हचा. त्यांच्याकडची छापील पुस्तकं स्कॅन करून ते एका प्रतीला एक वाचक या हिशेबानं देत होते. मार्च २०२० मध्ये, ग्रंथालयं बंद पडल्यावर, त्यांनी ही मर्यादाच उठवली. चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, आणि २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयात व सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलात आर्काइव्ह हरलं. मर्यादा उठवणं आम्हाला त्या वेळीही अतिरेकाचं वाटलं होतं. पण निकालानं फक्त तो अतिरेक मोडीत काढला असं नाही. एका प्रतीला एक वाचक ही सावध पद्धतही त्यात गेली, आणि तो तोटा जास्त मोठा आहे.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांची हजारो अनुदानित वाचनालयं आहेत. गोव्यात तर राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. ही यंत्रणा छापील पुस्तकाभोवती बांधलेली आहे. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजतात, ग्रंथसंख्या दाखल रजिस्टरावरून ठरते. दोन वर्षांनी नाहीसा होणारा परवाना त्या रजिस्टरात कोणत्या क्रमांकानं दाखल करायचा? आणि संपल्यावर काय म्हणून बाद करायचा?

पण आधी तो परवाना मिळायला तर हवा. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं आहेत, बुकगंगासारखी आपली दुकानंही आहेत. पण ही विक्री एकट्या ग्राहकाच्या हिशेबानं बांधलेली आहे : एक खातं, एक माणूस, एक मोबाइल. तालुक्याच्या वाचनालयानं पाचशे सभासदांसाठी काय घ्यायचं, याची खिडकीच तिथे नाही. फुकट आणि कायदेशीर म्हणाल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली पुस्तकं संकेतस्थळावर ठेवली आहेत, विश्वकोश आहे, ई-साहित्य प्रतिष्ठानचं काम आहे. ही कामं मोलाचीच आहेत. मात्र दुकानात आलेली या वर्षीची कादंबरी त्यात सापडत नाही, आणि वाचनालयाच्या काउंटरवर पहिली विचारणा तिचीच होते.

ही पोकळी रिकामी राहत नाही. व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर पीडीएफ फिरतात. २०२० च्या टाळेबंदीत तर नव्या-जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफचा पूर आला आणि प्रकाशक-लेखकांना ‘हे पुढे पाठवू नका’ अशी विनवणी करावी लागली. ज्या भाषेत हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, तिथे हे नुकसान लहान नाही. विनवणी बरोबरच होती. पण वाचकाला आम्ही ‘हे करू नको’ म्हणतो तेव्हा ‘मग काय करू?’ याचंही उत्तर द्यायला हवं, आणि वर्गणी भरून वाचनालयातून ई-पुस्तक घेण्याचं उत्तर आपल्याकडे अजून तयार नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या, पुण्यातल्या वाचनालयाची वर्गणी भरायला तयार असलेल्या मराठी माणसालाही नाही.

कायद्याच्या बाबतीत मेरीलँडचा धडा आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो. आपल्या घटनेत ग्रंथालयं राज्यसूचीत आहेत आणि कॉपीराइट संघसूचीत. म्हणजे मुंबईत विधानसभेनं उद्या चांगला कायदा केला तरी तो याच खडकावर आपटण्याची शक्यता आहे. बदल दिल्लीतच व्हायला हवा. २०१२ च्या दुरुस्तीनं सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली आहे. ती जतनापुरती, आणि छापील प्रत हाती असेल तरच. केवळ ई-रूपात निघालेल्या पुस्तकाला तिचा उपयोग नाही. त्याहून गंभीर म्हणजे १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा. त्यानुसार प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, मुंबईच्या एशियाटिकमध्ये आणि आणखी दोन ग्रंथालयांत जमा व्हावी लागते. हा कायदा छापील पुस्तकाचा विचार करून लिहिलेला आहे. फक्त ई-पुस्तक म्हणून निघालेली मराठी कविता किंवा कादंबरी कुठेही जमा होत नाही. दुकान बंद पडलं की ती गेली. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाही मिळाली.

मग मागायचं काय? आमच्या मते चार गोष्टी. एक, जे ई-पुस्तक ग्राहकाला मिळतं ते ग्रंथालयालाही त्याच दिवशी मिळावं. दोन, परवान्यात निवड असावी : गाजणाऱ्या पुस्तकासाठी संख्येचा स्वस्त परवाना, आणि जे जपायचं त्यासाठी कायमचा, थोडा महाग असला तरी चालेल. तीन, ई-पुस्तकांची प्रतही कायद्यानं जमा व्हावी. आणि चार, लेखकाला ग्रंथालयातल्या वाचनाचा मोबदला मिळावा. डेन्मार्कनं तो १९४६ पासून द्यायला सुरुवात केली, ब्रिटननं १९७९ मध्ये कायदा केला आणि २०१८ पासून घरून घेतलेल्या ई-पुस्तकांनाही तो लागू केला. हे पैसे सरकार देतं, वाचकाकडून किंवा ग्रंथालयाच्या खरेदीतून घेत नाही. सार्जंट यांच्या प्रश्नाला रांगा लावण्यापेक्षा हे उत्तर जास्त सरळ आहे.

यातली शेवटची दोन सरकारनं करायची आहेत, त्याला वेळ लागेल. पहिल्या दोन मात्र मराठी प्रकाशक आणि ग्रंथालय संघ एका टेबलाशी बसले तर कायद्याशिवायही होऊ शकतात. इथे आपली स्थिती अमेरिकेपेक्षा बरी आहे असं आम्हाला वाटतं. तिकडे पाच बलाढ्य कंपन्या ठरवतात. इकडे बरेचसे प्रकाशक ग्रंथालयांच्या खरेदीवर तगलेले आहेत आणि ग्रंथपालांना नावानं ओळखतात. कुठल्या परदेशी कंपनीचं तयार करारपत्र येऊन सगळ्यांना सही करावी लागण्याआधी आपल्या अटी आपण लिहून ठेवलेल्या बऱ्या.

तेव्हा आज घरी जाताना एक काम घेऊन जा. आपलं वाचनालय बहुधा सार्वजनिक न्यास आहे, आणि त्याची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. त्या सभेला सहसा दहा-बारा माणसं असतात. यंदा तुम्ही जा, आणि विचारा : ई-पुस्तकांसाठी आपण कुणाशी बोललो का, आणि नसेल तर कधी बोलणार? प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला सांगा. आता तुमचे प्रश्न घेऊ.